हंडाचोराची गोष्ट

चि. इरा आणि चि. नील,

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आबांना नाही, तुमच्या बाबालाही नाही. हे पत्र तोच तुम्हाला वाचून दाखवील, म्हणजे त्यालाही हे आजच कळेल. बाळा, वाचताना थांबावंसं वाटलं तर थांब. पण पुढे वाच.

आत्ताच का? इरा, गेल्या रविवारी फोनवर तू सांगितलंस की शाळेत प्रत्येकाने आपल्या घरातली एक गमतीची खरी गोष्ट सांगायची होती आणि तू हंडाचोराची सांगितलीस. सगळा वर्ग हसला, बाई तर डोळे पुसत होत्या. "आजी, तुझी गोष्ट हिट झाली!" तू इतकी खुशीत होतीस, आणि मी — मी म्हटलं, "शाब्बास." फोन ठेवला आणि तशीच खुर्चीत बसून राहिले. इथली माणसं इतकी वर्षं त्या माणसाला हसली, तेवढं पुरे नव्हतं का? आता समुद्रापलीकडची मुलंही हसली.

तुम्हाला मराठी वाचणं जड जातं, हे मला ठाऊक आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, मी शिकवलंही इंग्रजीच. पण त्या भाषेत मला सबबी फार सहज सुचतात. म्हणून मराठीत.

आधी ती गोष्ट, मी सांगत आले तशी. सत्तरच्या दशकाची अखेर, बोईसरची कारखान्याची वसाहत. तुमचा बाबा चार महिन्यांचा. माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी, वाईहून नातवाला बघायला आल्या. त्यांनी लग्नात मला दिलेला पितळी हंडा मागच्या ओट्यावरून चोरीला गेला होता. हंड्याच्या गळ्याभोवती ठिपक्याठिपक्यांनी त्यांचं नाव कोरलेलं — 'सौ. गोदावरी'. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते याचसाठी, की ते कुणाचं याचा वाद नको. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी चोर तोच हंडा खांद्यावर घेऊन वसाहतीच्या नळावर, आमच्या दारासमोर, रांगेत उभा! वर सासूबाईंनाच म्हणतो, "आजे, हंडा झकास हाय. टिपूस गळत नाय." आणि भरल्यावर त्यांनाच म्हणतो, "जरा हात लाव, डोक्यावर चढव."

इथे सगळे हसतात. इथेच तुझ्या बाईही हसल्या असतील.

त्या काळी आमच्या वसाहतीत अशा गोष्टींना तोटा नव्हता. कारखाने नवे, माणसं नवी, चोरसुद्धा नवखेच. एका कामगाराने साहेबाच्या टेबलावरचं गजराचं घड्याळ पोटाशी बांधलं, आणि फाटकावर झडतीला उभा असतानाच गजर झाला. तो बिचारा गजर संपेपर्यंत जोरजोरात खोकत राहिला. चिंचणीला एकाने सुक्या बोंबलांचं पोतं पळवलं, तर गावातली झाडून सगळी मांजरं शेपट्या वर करून त्याच्यामागे वरातीसारखी निघाली. शिरगावला एक नारळचोर किल्ल्यात जाऊन लपला. तहान लागली तसं त्याने तटावरून खालच्या माणसाला हाक मारली, "दादा, कोयता हाय का?" खालचा माणूस म्हणजे त्याच वाडीचा मालक. रविवारी दुपारी व्हरांड्यात या गोष्टी फिरायच्या, आणि शेवटी कुणीतरी म्हणायचंच, "वहिनी, आता तुमचा हंडाचोर होऊ द्या." माझी गोष्ट नेहमी शेवटी. सगळ्यांत मूर्ख चोर माझा होता.

बाकीच्या खऱ्या असतील. माझी — पण मी पुन्हा फिरून फिरून बोलते आहे. इतकी वर्षं केलं तेच.

त्याचं नाव लखमा. हे नाव तुम्ही कधी ऐकलं नाहीत, कारण गोष्टीत मी ते कधी घातलं नाही. बेटेगावच्या पुढे डोंगराकडे एक पाडा आहे, तिथला. पावसावरचं भाताचं छोटं शेत, आणि ते कापून झालं की नवराबायको वीटभट्टीवर. त्याची बायको सुकरी. त्या वर्षी माझ्याकडच्या कामासाठी ती दोघं भट्टीवर गेली नव्हती. तुमचा बाबा जन्मला तेव्हा मला बघायला जवळचं कुणी नव्हतं. माझी आई अंथरुणाला खिळलेली, सासूबाईंना मोतीबिंदूमुळे प्रवास बंद. तीन महिने सुकरी रोज सकाळी पाड्यावरून चालत आली. बाळाला पायांवर घेऊन तेल लावायची, न्हाऊ घालायची, मग माझं अंग चोळायची. बाळ रडायला लागलं की त्याला दटावायची, "गप रे साहेबा, तुझा कारखाना नाय पळून जात."

त्या लोकांच्या बोलीत सगळ्यांना 'तू'च असतं. मलाही ती 'तू'च म्हणायची. आधी ते मला खटकायचं. पुढे कुणी मला इतक्या जवळून 'तू' म्हटलं नाही.

तीन महिने झाल्यावर मी विचारलं, तुला काय देऊ? लुगडं देऊ? तिने ओट्यावर पालथा पडलेल्या हंड्याकडे बोट दाखवलं. तिच्याकडे मातीचे घडे, उन्हाळ्यात लांबून पाणी आणताना फुटायचे. मी म्हटलं, घेऊन जा.

हो. मी दिला. माझ्या हातांनी उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. हंड्यावरचं नाव मला दिसत नव्हतं असं नाही. तो जड होता, एका बाजूला पोचलेला होता, माझ्या गॅसच्या शेगडीवर बसत नव्हता, आणि मला स्टीलची भांडी आवडायची. नाव कोरलेलं भांडं घराबाहेर देत नाहीत, हे मला माहीत होतं. मला ते जुनाट वाटायचं.

इथवर काय वाईट आहे? काहीच नाही. म्हणूनच तर —

त्याच आठवड्यात मी सासूबाईंना पत्र लिहिलं. त्यात, त्यांना बरं वाटावं म्हणून, एक वाक्य लिहिलं: बाळाची आंघोळ रोज तुमच्या हंड्यातल्या पाण्याने होते. कुणी विचारलं नव्हतं. लिहायची काही गरज नव्हती. त्या बोंबीलचोरामागे निदान मांजरं तरी आपणहून लागली. मी माझं खोटं स्वच्छ अक्षरात लिहिलं, खाली सही केली आणि टपालात टाकलं.

महिन्याभरात मोतीबिंदू काढून सासूबाई आल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "कुठंय माझा हंडा? उद्या नातवाला मीच न्हाऊ घालते." तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं, हे तुम्हीसुद्धा सांगाल. नील तर आठ वर्षांचा आहे, तोही सांगेल. मी म्हटलं, "अहो, तेच तर. कालपासून दिसत नाहीये. मागच्या ओट्यावर होता."

मला वाटलं, विषय मिटला. एक हंडा गेला, गेला. चोर म्हणून माझ्या डोळ्यांसमोर कुणी नव्हतंच. पण सासूबाईंनी शेजारच्या मालूताईंना सांगितलं, मालूताईंनी फाटकावरच्या पहारेकऱ्याला, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या वसाहतीला ठाऊक झालं की 'गोदावरी' नावाचा हंडा गेला आहे.

ते चैत्राचे दिवस होते. पाड्यावरची विहीर आटली की आसपासच्या लोकांना सकाळी आमच्या नळावर पाणी भरू देत. बायकाच यायच्या. दुसऱ्या दिवशी लखमा आला, कारण सुकरीला सातवा महिना होता आणि तिला ताप होता. बायकांच्या रांगेत एकटा पुरुष, हंडा खांद्यावर. बायका त्याची थट्टा करत होत्या. "काय रे लखमा, लुगडं नेसायचं राहिलं का?" "बायको घरी निजली, नि दादला पाण्याला!" तो लाजत हसत होता. मी बाळाला घेऊन व्हरांड्यात उभी होते. हंड्याचं नाव आमच्याच दाराकडे होतं.

सासूबाईंना तो 'आजे' म्हणाला, हंडा झकास आहे म्हणाला, हे खरं. सुकरी ज्या घरी राबली त्या घरची म्हातारी, म्हणून आपणहून बोलला. 'हात लाव, डोक्यावर चढव' असं तो कधीच म्हणाला नाही. ते मी नंतर घातलं. कितव्या वर्षी घातलं तेही आता आठवत नाही. लोक सगळ्यांत जास्त हसायचे ते त्याच वाक्याला.

पहारेकरी धावत आला. त्याची बोली हिंदी. "अबे अक्कल के दुश्मन, चोरी का माल लेके मालिक के ही दरवाजे पे?" रांग हसली. लखमाही हसला — त्याला वाटलं, ही थट्टेचीच पुढची पायरी. मग पहारेकऱ्याने त्याच्या दंडाला धरलं, तेव्हा तो म्हणाला, "नाय रे, बायनं दिला. ती काय तिथं हाय, इचार तिला."

आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्याच्या चेहऱ्यावर जरासुद्धा काळजी नव्हती. स्वतःच्या खरेपणाची इतकी खात्री असलेला माणूस मला आजवर दुसरा भेटलेला नाही. नाव कोरलेला हंडा घेऊन त्याच नावाच्या दारासमोर कोणता चोर येतो? तो येऊन उभा राहिला हाच त्याचा पुरावा होता. तिथल्या एकाही शहाण्या माणसाला ते सुचलं नाही. मला सुचायची गरज नव्हती, मला तर माहीतच होतं.

मी म्हटलं, "मी? मी कशाला देईन? सासूबाईंच्या नावाचा हंडा आहे तो."

आणि मी हसले. रांगेतल्या बायका हसत होत्या, तशीच.

पहारेकरी त्याला घेऊन गेला. आधी फाटकाच्या खोलीत, तिथून चौकीवर. दोन दिवस त्याला ठेवलं होतं. मारलं. तक्रार लेखी द्यायला आमच्याकडून कुणी गेलं नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी सोडलं. हंडा परत आला. मालूताई चिंच लावून लखलखीत घासून घेऊन आल्या.

त्या वेळी लखमाचं काय पणाला लागलं होतं, तेही सांगते. तुमचे आबा त्याला कारखान्याच्या बागेत कायमचा माळी म्हणून घेणार होते. मीच त्यांच्यामागे लागले होते, सुकरीसाठी. कागद तयार होता, फक्त वरच्या साहेबांची सही व्हायची होती. ती झाली असती तर दर वर्षी पावसाळा संपला की बिऱ्हाड डोक्यावर घेऊन वीटभट्टीवर जायची पाळी त्यांच्यावर आली नसती. आबांनी तो कागद फाडला. संतापाने नाही, हसत. "हंडा उचलायचा तर उचल, पण निदान नाव तरी वाचायचं," म्हणाले. मग म्हणाले, "त्याला वाचता कुठे येतं म्हणा." ते चांगले होते. त्यांना जे माहीत होतं त्यावर ते चालले. ते मी सांगितलेलं होतं.

तुम्ही म्हणाल, आजी, तू सासूला घाबरलीस. मीही पुष्कळ वर्षं तसंच म्हणत होते. पण त्याच दुपारी सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. मी डबे पुसत होते. माझे डबे तुम्हाला ठाऊकच आहेत — एका ओळीत, प्रत्येकावर चिठ्ठी. त्या पाटावर बसल्या आणि हळू म्हणाल्या, "सूनबाई, तो गडी खोटं बोलत असावा असं मला वाटत नाही. दिला असशील तर आत्ता सांग. पितळच ते. मी माझ्या तोंडाने सांगेन की माझीच चूक झाली."

माझीच चूक — म्हणजे त्यांची. माझी चूक त्या स्वतःच्या डोक्यावर घ्यायला निघाल्या होत्या. कुणाला याहून मोठं दार उघडून मिळतं?

मी म्हटलं, "नाही दिला." आणि पुढचा डबा पुसायला घेतला.

तेव्हा भीती कसली होती? सासूची नव्हतीच. मी व्यवस्थित बाई होते. माझ्या घरात वस्तू हरवत नाही, माझा शब्द इकडचा तिकडे होत नाही, अशी माझी सगळ्या वसाहतीत ख्याती होती. त्या ख्यातीची किंमत एका माणसाच्या पाठीने दिली. मी ती देऊ दिली. याला दुसरं कारण मला सापडलेलं नाही, आणि आता मी शोधतही नाही.

चार दिवसांनी सुकरी मागच्या दाराशी आली. ताप उतरलेला नव्हता, पोटावर हात धरून उभी होती. रडली नाही. म्हणाली, "बाय, तूच चढवला ना माझ्या डोक्यावर? मला येड लागला का? त्याला पाड्यावर पोरं हंड्या म्हणतात. तू येऊन एकदा सांग फक्त. हंडा नको मला."

मी म्हटलं, "सासूबाई जाऊ देत, मग सांगते."

सासूबाई तीन आठवड्यांनी गेल्या. हंडा बरोबर घेऊन गेल्या. इथे राहायला नको, म्हणाल्या. मला पुढे त्या कधी टाकून बोलल्या नाहीत, पण पुन्हा कुठली वस्तू माझ्या हाती ठेवली नाही. त्या गेल्यावर मी पाड्यावर गेले का? नाही. पाडा किती लांब होता? सुकरी तीन महिने रोज चालत यायची, तेवढाच.

दिवाळीनंतर ती दोघं वीटभट्टीवर गेली. तान्ही मुलगी बरोबर होती. सुकरीचं बाळंतपण कुणी केलं, तिचं अंग कुणी चोळलं — मी कुणाला विचारलं नाही.

आणि त्याच दिवाळीत आबांनी मित्रांना हंडाचोराची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. सगळे हसले. त्यांचा एक तपशील चुकला, तो मी दुरुस्त केला. पुढच्या वेळी सगळे म्हणाले, वहिनींनाच सांगू द्या. मग मीच सांगत गेले. मला वाटायचं, पुरेशा वेळा सांगितली की ती तशीच घडली होती असं होईल. गंमत बघा — होतंही थोडंसं. काही काही वर्षं मला खरोखरच आठवायचं की हंडा ओट्यावरून गेला होता.

मग एकदा, तुमचा बाबा कॉलेजला जायला लागला तेव्हा, नव्वदनंतर कधीतरी, मी पालघरच्या बाजारात ताडगोळे घ्यायला थांबले. पाटीमागे लखमा बसला होता. केस पांढरे झालेले. मी ओळखण्याआधी त्याने मला ओळखलं. मी पटकन निघून जायला हवं होतं, किंवा थांबून बोलायला. मी दोन्ही केलं नाही. नुसती उभी राहिले.

त्याने पळसाच्या पानात ताडगोळे बांधले. मी विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. पुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ने. पैशे नको." मग आजूबाजूच्या चार बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "कोणी इचारला ना बाय, तर सांग, लखमानं दिला. मी 'नाय' बोलणार नाय."

बाजार होता, दुपार होती, साक्षीला माणसं होती. एक वाक्य पुरलं असतं. 'हंडा तू चोरला नव्हतास, मी दिला होता' — एवढंच. मी पुडी पिशवीत टाकली आणि स्टेशनकडे चालू लागले. घरी येऊन ते ताडगोळे मी सगळ्यांना वाढले. तुमच्या बाबाने दोनदा मागून घेतले. चांगले होते.

त्यानंतरही मी गोष्ट सांगत राहिले. तुम्हा दोघांनाही मीच सांगितली, इरा, तू पाच वर्षांची असताना, माझ्या मांडीवर. तू खळखळून हसलीस आणि म्हणालीस, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितली.

लखमा गेला. कधी गेला ते मला नीट माहीत नाही, आमच्याकडे दूध घालणाऱ्याच्या बोलण्यातून कळलं. सासूबाई कधीच गेल्या, आबाही गेले. त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या बायकांपैकी कोण उरलं असेल, ठाऊक नाही. तुम्ही मला क्षमा करावी म्हणून हे लिहिलेलं नाही; ती तुमच्या हातातली गोष्ट नाही. वर्गात जाऊन खरं काय ते सांग, असंही मी तुला म्हणत नाही, इरा. तुझ्या गळ्यात ते घालायचा मला काही अधिकार नाही.

सुकरी अजून आहे. बेटेगावच्या पुढे, त्याच पाड्यावर, मुलीजवळ राहते. तिला आता नीट दिसत नाही, पण आठवतं सगळं, असं दूधवाला म्हणाला. 'तू येऊन एकदा सांग फक्त' म्हणाली होती, ते सांगायचं अजून राहिलंच आहे.